पहिला खडा विकायचा नाही
वाचकांचे प्रश्न : ‘स्टारड्यू व्हॅली’तली खनिजं आणि रत्नं

शेतीचा गेम म्हणून ‘स्टारड्यू व्हॅली’ हाती घेतलेले बरेच जण बघता बघता खाणीत रमतात. एरिक बॅरोनने एकट्याने बनवलेला हा गेम २६ फेब्रुवारी २०१६ला आला आणि मार्च २०२४मध्ये त्याचं १.६ हे मोठं अपडेट आलं. पुण्यातल्या वाचकांनी खाण, जिओड (फोडल्यावर आतून खनिज निघणारे दगड) आणि खड्यांबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. गेम मराठीत नाही, म्हणून नावं पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : पहिलं वर्ष संपत आलं. सापडलेले ॲमेथिस्ट, टोपाझ मी रोज विक्रीच्या पेटीत टाकत गेले आणि आता म्युझियमची टेबलं रिकामी दिसतात. नीट लावायचं तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोथरूड

विकलेलं परत मिळतं, त्यामुळे बिघडलेलं काही नाही. पण इथून पुढे एक क्रम पाळा. कुठलाही नवा खडा सापडला की पहिला म्युझियमला, दुसरा घरच्या पेटीत, तिसऱ्यापासून विक्री. दुसरा ठेवायचा कारण तो पुढे क्रिस्टलेरियममध्ये (खड्याची नक्कल करणारं मशीन), भेटीला किंवा कम्युनिटी सेंटरच्या बंडलमध्ये (ठरलेल्या वस्तूंचा संच, तो भरला की बक्षीस) लागतो, आणि लागतो तेव्हा नेमका हाताशी नसतो.

म्युझियम सकाळी ८ ते संध्याकाळी ६ उघडं असतं. म्युझियम सांभाळणाऱ्या गुंथरशी बोलून देणगीचा पर्याय उघडला की तुमच्या पिशवीतलं जे अजून दिलेलं नाही तेवढंच उजळ दिसतं, बाकी सगळं फिकं पडतं. त्यामुळे काय दिलं नि काय राहिलं हे आठवत बसायची गरज नाही. सगळं पिशवीत भरा आणि घेऊन जा.

खनिजं एकूण ५३. त्यातली ४१ जिओड फोडून मिळणारी आणि उरलेली १२ खाणीत तशीच सापडणारी. या १२ पैकी क्वार्ट्‌झ, अर्थ क्रिस्टल, फ्रोझन टिअर आणि फायर क्वार्ट्‌झ जमिनीवर पडलेले असतात, नुसते उचलायचे. क्वार्ट्‌झ बहुतेक कुठेही दिसतो. अर्थ क्रिस्टल पहिल्या ३९ मजल्यांत, फ्रोझन टिअर बर्फाळ भागात म्हणजे ४० ते ७९, आणि फायर क्वार्ट्‌झ त्याखालच्या लाल भागात. अर्थ क्रिस्टल दिसतच नसेल तर मातीची जमीन असलेल्या मजल्यांवर डगी मारा. जमिनीतून डोकं काढणारा हा प्राणी मेल्यावर बऱ्याचदा तोच खडा टाकतो.

टोपाझ आणि ॲमेथिस्टचे दगड वरच्या मजल्यांपासून मिळतात, ॲक्वामरिन आणि जेड चाळिशीनंतर, रुबी आणि एमराल्ड ऐंशीनंतर, हिऱ्याचा दगड पन्नासाव्या मजल्यापासून पुढे. लिफ्ट दर पाच मजल्यांनी थांबते. म्हणून ‘खोल जाऊ तितकं चांगलं’ असं न धरता, जो खडा हवा त्या पट्ट्यातल्या थांब्यावर उतरा, दोन-तीन मजले फिरा, लिफ्टने वर या आणि पुन्हा उतरा. मजला दर वेळी नव्याने मांडला जातो.

आणि जमिनीवरचे हे चारही खडे जमले की एकेक कम्युनिटी सेंटरच्या बॉयलर रूममध्ये द्या. रिमिक्स न केलेल्या, म्हणजे गेमच्या मूळ बंडलांत ‘जिऑलॉजिस्ट्‌स बंडल’ म्हणजे नेमके हेच चार, आणि बदल्यात ५ ऑम्नी जिओड मिळतात.

प्रश्न : गावचा लोहार क्लिंट याच्याकडे जिओड फोडले, निम्म्यांतून दगड, माती आणि कोळसा निघाला. गेम बंद करून तोच दिवस पुन्हा खेळलो, तरी तेच. माझ्या सेव्हमध्ये काही बिघाड आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

बिघाड नाही, गेम तसाच बनवला आहे. जिओडमधून काय निघणार हे तुमचा सेव्ह आणि तुम्ही आजवर फोडलेल्या जिओडांचा आकडा यांवरून ठरतं. समजा आजवर ३० फोडले आहेत. मग ३१वा साधा जिओड आज फोडा, उद्या फोडा, दिवस परत खेळून फोडा, आतून तेच येणार. त्या क्रमांकाला साध्याऐवजी फ्रोझन फोडलात तर मात्र वेगळं निघेल, कारण त्याची यादीच वेगळी.

निम्म्या वेळा खनिज आणि निम्म्या वेळा दगड, माती, कोळसा, कच्चा धातू असंच ते प्रमाण आहे. एका जिओडला २५ गोल्ड पडतात, म्हणजे २० जिओड घेऊन गेलात तर ५०० गोल्ड खर्चून साधारण दहा खनिजं घरी येतील, त्यातली काही एकसारखी. हा हिशेब मनात ठेवूनच जा.

क्लिंटचं दुकान ९ ते ४. कम्युनिटी सेंटर पूर्ण झाल्यावर शुक्रवारी तो दुकानात नसतो, आणि नेमके शुक्रवारी हेलपाटा घालणारे पुष्कळ. पिशवीत रिकामा कप्पा नसेल तरीही तो फोडून देत नाही. फोडायला जाताना बियाणं, हत्यारं घरी ठेवा.

प्रश्न : मुलीचं म्युझियम एका खनिजावर अडलं आहे, स्टार शार्ड्‌स. ती आठवडाभर फक्त ऑम्नी जिओड फोडते आहे. अजून किती फोडावे लागतील?
— एक पालक, निगडी

तिला आजच ऑम्नी थांबवायला सांगा. संग्रह सुरू करताना ऑम्नी उत्तम, कारण त्यात तिन्ही प्रकारच्या जिओडांतलं काहीही निघू शकतं. पण शेवटचं एक राहिलं की हाच गुण आड येतो.

साधा जिओड १ ते ३९ मजल्यांत मिळतो आणि त्यात १५ खनिजं असतात. फ्रोझन ४१ ते ७९, त्यात १४. मॅग्मा ८१ ते ११९, त्यात १२. स्टार शार्ड्‌स मॅग्माच्या यादीत आहेत. त्या यादीत १२ खनिजं आणि ‘ड्वार्फ गॅजेट’ ही एक जुनी वस्तू अशी १३ नावं. निम्म्या वेळा दगड-कोळसा येतो हे धरलं तर एका मॅग्मा जिओडमधून स्टार शार्ड्‌स निघण्याची शक्यता साधारण २६त एक. ऑम्नीत मात्र तीच शक्यता चाळिसाहून जास्त नावांत वाटली जाते आणि शंभरात एकाच्या आसपास घसरते. तिपटीहून जास्त फरक आहे हा.

म्हणून लिफ्टने ८५ किंवा ९५व्या मजल्यावर उतरून मॅग्मा गोळा करणं हाच जवळचा रस्ता. बॉम्ब असतील तर दगडांचे गठ्ठे फोडायला वापरा, वेळ वाचतो. शिल्लक ऑम्नी वाया जात नाहीत. वाळवंटातला व्यापारी ३ ऑम्नीला वाळवंटात नेणारा एक वार्प टोटेम देतो.

प्रश्न : क्रिस्टलेरियम मिळालं. सगळे म्हणतात हिरा घाला, पण पाच दिवस थांबायचं जिवावर येतं. दुसरं काही फायद्याचं आहे का? आणि दहा मशीन लावायची तर काय काय लागेल?
— एक वाचक, हडपसर

हे मशीन आत घातलेल्या खड्याची नक्कल करत राहतं. एकदा घातला की परत घालावा लागत नाही. तयार खडा काढून घेतला की पुढची नक्कल आपोआप सुरू होते. काढून घ्यायला विसरलात तर मात्र मशीन तिथेच थांबून राहतं, आणि हाच सगळ्या हिशेबाचा गाभा आहे.

दिवसाला किती पडतात ते पाहू. हिरा ७५० गोल्डचा, लागतात ५ दिवस, म्हणजे दिवसाला १५०. जेड २०० गोल्डचा, ४० तास, म्हणजे दिवसाला १२०. रुबी आणि एमराल्ड २५० चे, ५० तास, तेही १२०च. ॲक्वामरिन ११५ च्या आसपास, ॲमेथिस्ट १०५ च्या आसपास, क्वार्ट्‌झ ८५. पण क्वार्ट्‌झ सात तासांत तयार होतो. हे ८५ हाती पडायचे तर दिवसातून तीन-चार वेळा मशीनपाशी उभं राहावं लागेल, आणि शेतात एवढ्या वेळा कोण फिरकतं? हिऱ्याच्या मशीनकडे पाच दिवसांतून एकदा गेलं की झालं. दर कमी-जास्त असले तरी खरी बचत तुमच्या पावलांची आहे, म्हणून पैशासाठी हिराच.

तरीही आमचं मत विचाराल तर दहातली निम्मी मशीन जेडला द्या. दर रविवारी वाळवंटातला व्यापारी १ जेड घेऊन १ जिना देतो. एरवी एका जिन्याला ९९ दगड लागतात. आठवड्याला एका मशीनमधून साधारण ४ जेड, म्हणजे पाच मशीनमधून २० जिने. वाळवंटातल्या स्कल कॅव्हर्न या खाणीत ज्या मजल्यावर साप आणि ममी अंगावर येतात तिथे थांबायचं नाही, जिना टाकून खाली उतरायचं. जितकं खोल तितकं इरिडियम जास्त. वीस जिने हातात असले की दिवस मोकळा वाटतो. नशीब चांगलं सांगणारा दिवस टीव्हीवर बघूनच निघा.

आता सामान. कृती मायनिंगच्या ९व्या पातळीवर मिळते. एका मशीनला ९९ दगड, ५ सोन्याच्या विटा, २ इरिडियमच्या विटा आणि १ बॅटरी. दहा मशीनला म्हणजे ९९० दगड, ५० सोन्याच्या आणि २० इरिडियमच्या विटा, १० बॅटऱ्या. एका विटेला ५ कच्चा धातू आणि १ कोळसा लागतो. म्हणजे मुळात २५० सोनं, १०० इरिडियम आणि ७० कोळसे. यात अडकवते ती बॅटरी. ती मुख्यतः विजेच्या सळीवर वीज पडली की मिळते, आणि तेही वादळाच्या दिवशी. पाचसहा सळ्या आधीच शेतात उभ्या करून ठेवा. एका सळीला १ लोखंडाची वीट, १ रिफाइंड क्वार्ट्‌झ आणि ५ वटवाघळांचे पंख. रिफाइंड क्वार्ट्‌झसाठी भट्टीत साधा क्वार्ट्‌झ घातला तर एक निघतो, फायर क्वार्ट्‌झ घातला तर तीन. म्हणून फायर क्वार्ट्‌झ विकायची घाई नको.

पहिलं मशीन बनवायला मात्र एवढं काही लागत नाही. कम्युनिटी सेंटरच्या व्हॉल्टमधलं २५,००० गोल्डचं बंडल भरलं की एक क्रिस्टलेरियम बक्षीस मिळतं.

एक शेवटचं. मायनिंगच्या ५व्या पातळीवर ‘जिऑलॉजिस्ट’ आणि १०व्या पातळीवर ‘जेमॉलॉजिस्ट’ निवडलेलं असेल तर खनिजांना ३० टक्के जास्त दर मिळतो, म्हणजे हिरा ९७५ आणि जेड २६०. चुकून दुसरी वाट धरली असेल तर गटारातल्या ‘स्टॅच्यू ऑफ अनसर्टन्टी’ला १०,००० गोल्ड देऊन ती बदलता येते. गटाराची गंजकी किल्ली म्युझियमला ६० वस्तू दिल्यावर मिळते, तेव्हा देणग्या आधी.

प्रश्न : प्रिझमॅटिक शार्ड सापडला! एकच आहे. २,००० गोल्डला विकू, म्युझियमला देऊ की क्रिस्टलेरियममध्ये घालू?
— एक वाचक, बिबवेवाडी

क्रिस्टलेरियम तो घेत नाही. विकूही नका. इथे आमचा ‘पहिला म्युझियमला’ हा नियम मोडतो. पहिला शार्ड हातात धरून कॅलिको वाळवंटातल्या तीन खांबांच्या मधोमध उभे राहा, गॅलेक्सी स्वोर्ड मिळेल. ती तलवार आली की स्कल कॅव्हर्न सोपं होतं आणि दुसरा शार्ड तिथेच लवकर सापडतो. तो म्युझियमला. शार्ड हातात असताना गावात कुणाशी बोलायला जाऊ नका, चुकून भेट म्हणून दिला जातो. बहुतेकांना तो फार आवडतो, हेलीला मात्र अजिबात नाही.

प्रश्न : मी ११ वर्षांची आहे. अबिगेलशी मैत्री करायची आहे. तिला हिरा दिला तर चालेल का?
— एक वाचक, कर्वेनगर

तिला हिऱ्याहून ॲमेथिस्ट कितीतरी जास्त आवडतो, आणि तो तर १०० गोल्डचाच! आठवड्यात दोन वेळा देता येतं, दिवसाला एकच. तिचा वाढदिवस शरद ऋतूत, फॉल १३ला असतो. त्या दिवशीच्या भेटीला आठपट गुण मिळतात, म्हणून एक चांगला ॲमेथिस्ट आधीच जपून ठेव. हिरे ठेव मारू आणि पेनीसाठी. पेनीला एमराल्डही आवडतो. एमिलीला तर ॲमेथिस्ट, ॲक्वामरिन, एमराल्ड, जेड, रुबी, टोपाझ, सगळेच आवडतात. सेबॅस्टियनला फ्रोझन टिअर दे. बाकी कुणाला त्याचं फारसं कौतुक नाही, त्याला आहे.

प्रश्न : खाणीत बेशुद्ध पडलो आणि पिशवीतला हिरा, दोन रुबी गेले. परत मिळतील?
— एक वाचक, औंध

एक मिळेल. ॲडव्हेंचरर्स गिल्डमधला मार्लन हरवलेल्या वस्तूंपैकी एकच, पैसे घेऊन परत देतो. पुन्हा बेशुद्ध पडायच्या आत जा, नाहीतर आधीची यादी पुसली जाते. रात्री २ वाजता झोपेने कोसळलात तर मात्र फक्त पैसे कापले जातात, खडे नाही.

पुढच्या वेळेसाठी खाणीच्या तोंडाशी, लिफ्टच्या बाजूला एक लाकडी पेटी ठेवा. पाच मजले झाले की वर या आणि खडे तिथे ओता. खालच्या मजल्यांवर पेटी ठेवू नका, तो मजला सोडला की ती नाहीशी होते.

प्रश्न : गेममधला टोपाझ म्हणजे आपला पुष्कराज का?
— एक वाचक, नारायण पेठ

बोलताना दोघांना एकच म्हटलं जातं, पण नवरत्नांतला पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, माणकाच्याच कुळातला. तो कुरुंद, काठिण्य ९. टोपाझ वेगळं खनिज, काठिण्य ८. गेममधल्या नावांत आपल्या ओळखीचं खरं म्हणजे ‘ऑर्पिमेंट’. साध्या जिओडमधून निघणारा तो पिवळा दगड म्हणजे हरताळ. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर लेखक तो फासत, म्हणून आपण आजही ‘हरताळ फासला’ म्हणतो. ऑर्पिमेंट विषारी असतो, त्यात आर्सेनिक आहे. पडद्यावर काय तो हाताळा.

प्रश्न : आमच्याकडे दगडखाणी आहेत. गेममधल्या जिओडसारखं इथे खरंच काही मिळतं का? मुलाने मुठीएवढी गारगोटी आणली आहे, आत चमकतं आहे.
— एक वाचक, वाघोली

मिळतं, आणि वाघोलीचं नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहे ते एका निळ्या खड्यासाठी, कॅव्हन्साइटसाठी. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांपासून हे नाव बनलं. तो प्रथम १९६७मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात सापडला, पण सर्वांत देखणे नमुने वाघोलीच्या खाणींतले. पांढऱ्या-पिवळसर स्टिलबाइट या खनिजाच्या अंगावर निळ्या सुयांचे गोंडे बसलेले असतात. पाषाणच्या टेकड्यांतला ॲपोफिलाइट हा हिरवा स्फटिकही असाच नावाजलेला. गेममध्ये यांतलं एकही नाही.

दख्खनचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेली खनिजं भिंतींवर हळूहळू स्फटिक होऊन बसली. म्हणजे क्लिंट हातोडा मारून उघडतो ती गोष्ट खोटी नाही, फक्त आत काय बसलं आहे ते दगड आणि पाणी ठरवतात. अशा नमुन्यांचा मोठा संग्रह पाहायचा तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पुण्याहून एका दिवसात होतं.

मुलाला एकट्याने खाणीत पाठवू नका. सोडलेल्या खाणींच्या कडा सुटतात आणि पाण्याची खोली कळत नाही. चालू खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय जायचं नसतं.

आणलेली गारगोटी धुताना चिंच, लिंबू, व्हिनेगर काही लावू नका. आत पांढरा कॅल्साइट असेल तर आंबटाने तो फसफसून विरघळतो आणि स्फटिकांची टोकं जातात. साध्या पाण्यात तासभर भिजवा, जुन्या मऊ ब्रशने माती काढा, सावलीत वाळवा. आत निळ्या सुया दिसल्या तर ब्रशही लावू नका, त्या बोट लागलं तरी मोडतात.